माशाला लेकरं झाली, आता पुढे?

सकाळी फिशटँकचा दिवा लावला आणि आमची धाकटी ओरडली, "बाबा, आत काहीतरी पळतंय!" वाकून पाहिलं. हायड्रिलाच्या काडीआड जिऱ्याएवढं काहीतरी थरथरत होतं. पुढे दोन काळे डोळे आणि मागे काचेसारखं आरपार अंग. एक दिसलं, मग तीन, मग अकरा. चार दिवसांपूर्वीच आम्ही पाच गप्पी मासे आणले होते, दोन नर आणि तीन माद्या. स्वयंपाकघरातून हात पुसत आई आली आणि म्हणाली, "लेकरं झाली की माशाला." मग तिनेच विचारलं, "आता यांना पाणी कुठलं घालणार?"

जालन्याच्या घरात हा प्रश्न आधी येतो. नळाला पाणी आलं की हौद, ड्रम, घागरी भरून ठेवायच्या आणि पुढचे आठ-दहा दिवस त्यावर काढायचे, ही इथल्या घरांची सवय आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात निजामकाळातला घाणेवाडीचा जलाशय आटला आणि शहर टँकरवर जगलं. ते पाहिलेल्या माणसाला पाणी मोजून वापरायला शिकवावं लागत नाही.

मी मात्र त्या दिवशी आईचा प्रश्न नीट ऐकला नाही. पिल्लं मोठ्या माशांनी खाऊ नयेत म्हणून घाईघाईने ती बादलीत काढली आणि त्यात दारात नुकतंच उतरवलेलं टँकरचं ताजं पाणी ओतलं. संध्याकाळी अकरापैकी दोनच पिल्लं हलत होती. पाण्यात जंतू मारणाऱ्या टीसीएल पावडरमधलं क्लोरीन होतं आणि ते उडून जायला मी वेळच दिला नव्हता. पिल्लं मोठ्या माशांच्या तोंडून वाचली आणि माझ्या घाईने गेली.

पुढच्या काही वर्षांत बरंच शिकलो. ज्यांच्या घरी अशीच अचानक पिल्लं दिसतात आणि ज्यांचा पहिला दिवस गोंधळात जातो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गप्पीची पिल्लं जगवणं अवघड नसतं. त्यांना लागतं ते घरात बहुतेक असतंच. खरा प्रश्न किती पिल्लं जगवायची हा आहे आणि त्याचं उत्तर आपल्याकडच्या पाण्यावर ठरतं.

आधी पाहा, पिल्लंच आहेत का?

टँकमध्ये हलणारी प्रत्येक बारीक गोष्ट माशाचं पिल्लू नसते. पाच मिनिटं शांत बसून पाहा.

माशाचं पिल्लू सरळ झेप घेतं, थांबतं, पुन्हा झेप घेतं. समोरून पाहिलं तर दोन डोळे स्पष्ट दिसतात. डासाची अळी वळवळत वरखाली जाते आणि श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी लटकते. काचेला चिकटून अगदी हळू सरकणारा ठिपका बहुधा गोगलगाईचं पिल्लू असतो. नव्या पाणवनस्पतींबरोबर गोगलगाईची अंडी सहज घरात येतात. पांढऱ्या पिसवांसारखे टुणटुण उडणारे ठिपके दिसले तर ते पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव. ते निरुपद्रवी असतात आणि पिल्लांचं आवडतं खाणंही असतात.

ही पिल्लं कोणाची?

पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. घरगुती टँकमध्ये न सांगता पिल्लं देणारे मासे बहुतेक वेळा गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल असतात. हे चौघेही अंडी घालत नाहीत. अंडी मादीच्या पोटातच उबतात आणि पोहणारी पिल्लं थेट बाहेर येतात. गप्पीचं पिल्लू जन्मतः सहा-सात मिलिमीटरचं असतं आणि पहिल्याच मिनिटापासून स्वतः पोहतं, स्वतः खातं आणि स्वतः लपतं.

गप्पीच्या मादीचं गरोदरपण साधारण चार आठवड्यांचं असतं. पोट चौकोनी दिसू लागतं. शेपटीकडच्या खालच्या पराजवळ एक काळसर डाग असतो, तो दिवस भरत आले की गडद होतो. तरुण मादी एका खेपेला पाच-दहा पिल्लं देते. चांगली वाढलेली मादी तीस-चाळीस देते, कधी त्याहूनही जास्त.

अनेकांना कोडं पडतं ते वेगळंच. "आमच्याकडे एकच मादी आहे, नर नाहीच. मग पिल्लं कशी?" उत्तर दुकानातल्या टँकमध्ये असतं. तिथे नर-माद्या एकत्र असतात, त्यामुळे मोठी मादी घरी येते तेव्हा बहुधा आधीच गाभण असते. शिवाय एकदा मीलन झालं की ती नराचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि पुढचे कित्येक महिने नराशिवाय खेपांमागून खेपा देऊ शकते. म्हणून पहिली पिल्लं झाल्याच्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करा. चार आठवड्यांच्या आसपास पुढच्या खेपेची तयारी ठेवता येते.

अंडी घालणाऱ्या माशांची गोष्ट वेगळी. गोल्डफिश पाणवनस्पतींवर चिकट, साबुदाण्यापेक्षा बारीक अंडी विखरून टाकतो आणि संधी मिळताच तीच अंडी खातो. अंडी दिसली तर ती ज्या काडीवर आहेत ती काडीच उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवा. पाण्याच्या उबेनुसार तीन ते पाच दिवसांत पिल्लं निघतात. पांढरी, दुधाळ झालेली अंडी मेलेली असतात. त्यांना बुरशी लागून ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरण्याआधी ती ड्रॉपरने काढून टाका.

फायटर, म्हणजे बेट्टा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं करतो आणि नर अंड्यांची राखण करतो. अंडी झाली की मादीला वेगळं काढा, नाहीतर नर तिला जखमी करतो. पिल्लं आडवी पोहू लागली की नरालाही हलवा. बऱ्याच सिक्लिड जातींत आई-बाप दोघेही पिल्लांसाठी लढतात. तिथे धोका पिल्लांना कमी आणि टँकमधल्या इतर माशांना जास्त असतो, त्यामुळे हलवायचे ते इतर मासे.

पहिल्या दिवशी काय करायचं?

पहिली गोष्ट, टँक धुवायला घेऊ नका आणि सगळं पाणी बदलू नका. पिल्लं झाली म्हणजे पाणी खराब झालं असं नसतं. उलट या पाण्यात मादी गाभण राहून सुखरूप मोकळी झाली, म्हणजे ते पाणी माशांना मानवलं आहे.

दुसरी गोष्ट, फिल्टर पाहा. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी पिल्लं खेचली जातात आणि दिसेनाशी होतात. त्या तोंडावर स्पंजचा तुकडा किंवा बारीक नायलॉन जाळी रबरबँडने बांधा. हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर असेल तर काळजी नाही. त्यात पिल्लू ओढलं जात नाही आणि स्पंजवर जमलेलं सूक्ष्म अन्न ते टोचून टोचून खातं.

तिसरी गोष्ट, लपायला जागा द्या. गप्पीची मादी स्वतःची पिल्लं खाते. हे ऐकून घरातल्या मुलांना वाईट वाटतं. त्यांना सांगावं की तिला पिल्लू ओळखताच येत नाही, तोंडात मावणारी हलती गोष्ट तिच्यासाठी खाणं असते. हायड्रिला, हॉर्नवर्ट, जावा मॉस यांचा दाट पुंजका एका कोपऱ्यात सोडला की बरीच पिल्लं तिथे तग धरतात. वनस्पती नसेल तर हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचे वीतभर तुकडे एकत्र बांधून थर्माकोलच्या तुकड्याला लटकवा. रंग जात नाही ना, हे आधी गरम पाण्यात बुडवून पाहा.

चौथी गोष्ट, वेगळं ठेवायचं की नाही ते ठरवा. वेगळी टँक नसेल तर ब्रीडिंग बॉक्स मिळतो. तो आतल्या कडेला अडकवायचा, पाणी तेच राहतं आणि पिल्लं सुरक्षित राहतात. घरी करायचा तर पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याला तापवलेल्या दाभणाने चारही बाजूंनी बारीक भोकं पाडा आणि डबा अर्धा बुडेल असा टँकमध्ये बांधा. अशा डब्यात पिल्लं दोन-तीन आठवडेच ठेवावीत. जागा अपुरी पडली की वाढ खुंटते.

बादली किंवा दुसरी टँक वापरायची असेल तर ती साबण, वॉशिंग पावडर, फिनाइल कधीच न लागलेली हवी. तिच्यात आधी जुन्या टँकचंच पाणी भरा. पिल्लांना जाळीने ओढू नका, वाटी पाण्यात बुडवून पाण्यासकट उचला. एवढं केलं असतं तर माझी नऊ पिल्लं वाचली असती.

पाणी, आपल्याकडची खरी परीक्षा

आपल्या घरात पाणी चार वाटांनी येतं: नळ, टँकर, बोअर आणि वीस लिटरचा जार. माशांसाठी चारही वेगळी.

नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतं. गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, घरोघरी मेडिक्लोरचे थेंब टाकतात. माणसासाठी हे हवंच. माशाच्या कल्ल्यांना मात्र ते जाळतं आणि पिल्लांना थोडंसंही सोसत नाही. असं पाणी रुंद तोंडाच्या उघड्या भांड्यात किमान चोवीस तास राहू द्या, अधूनमधून तांब्याने वरखाली करा. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन मारणारं औषध मिळतं. ते बाटलीवर लिहिलेल्या मापानेच वापरा.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण ते जड असतं. आपला जिल्हा बेसॉल्टच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्या खडकातून आलेल्या क्षारांचा आहे. गप्पी, मोली, प्लॅटी यांना असं थोडं जड, किंचित अल्कधर्मी पाणीच मानवतं. ज्या पाण्यात आपली डाळ लवकर शिजत नाही, त्यात त्यांची पिल्लं टुणटुणीत वाढतात. खोल बोअरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून तेही काही तास उघडं ठेवा, ढवळा आणि मगच घाला.

जारचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून अनेक जण प्रेमाने तेच घालतात. शुद्धीकरणात त्यातले क्षार निघून गेलेले असतात. नुसत्या अशा पाण्यात गप्पी-मोली अशक्त होतात, पर मिटून एका जागी डोलत राहतात. घालायचंच तर बोअरच्या पाण्यात थोडं मिसळून घाला.

आता टँकच्या आत काय चालतं तेही समजून घ्यायला हवं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या खड्यांवर राहणारे उपयोगी जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पिल्लांसाठी कोरी करकरीत टँक मांडली आणि त्याच दिवशी ती आत सोडली, तर ती दोन-चार दिवसांत एकेक करून मरतात ती याच कारणाने. उपाय सोपा आहे. जुन्या टँकचा थोडा मळलेला स्पंज नव्या टँकमध्ये ठेवा. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात तो दोनदा पिळा, पुरे.

पाणी किती बदलायचं? आठवड्याला पाचवा हिस्सा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टँकमध्ये खडे-माती वगळता साधारण ५० लिटर पाणी बसतं, म्हणजे आठवड्याला दहा लिटर. अर्धी-पाऊण बादली. पिल्लांच्या छोट्या टँकमध्ये एक-दोन दिवसाआड तांब्या-दोन तांबे बदलले तर वाढ चांगली होते. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं आणि झाडांना ते खतासारखं लागू पडतं. आमच्या दारातली तुळस आणि कुंडीतला कढीपत्ता त्याच पाण्यावर आहेत. दोनदा वापरलेलं पाणी वाया गेलेलं नसतं. म्हणून उन्हाळ्यातही मला टँक ठेवण्याची खंत वाटत नाही.

खायला काय द्यायचं?

गप्पी-मोलीची पिल्लं पहिल्या दिवसापासून खातात. माशांचं नेहमीचं फ्लेक खाद्य किंवा दाणे चिमटीत घेऊन पिठासारखे चुरा आणि बोटाच्या टोकाला लागेल एवढंच टाका. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच. पिल्लांचं पोट लहान असतं, त्यामुळे थोडं पण वारंवार खाणं त्यांना सोसतं.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक हा जुना उपाय आहे. मुगाएवढा बलक मलमलीच्या फडक्यात बांधून पाण्यात हलवला की ढग उठतो आणि पिल्लं त्यावर तुटून पडतात. पण बलक पाणी फार लवकर नासवतो. आठवड्यातून एक-दोनदाच द्यावा आणि तासाभरात तळाचं उरलेलं नळीने ओढून काढावं. पोळीचा चुरा, बिस्किट, भात टाकू नये. पिल्लांना ते पचत नाही आणि पाण्याला वास येतो.

सगळ्यात पोसणारं खाणं आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचं. दुकानात त्याची वाळूसारखी बारीक अंडी मिळतात. एका लिटर पाण्यात चार-पाच चमचे जाडं मीठ विरघळवून त्यात चिमूटभर अंडी टाका आणि हवेची नळी सोडून उबदार जागी ठेवा. एक-दीड दिवसात नारिंगी रंगाचे जिवंत ठिपके बाहेर पडतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, रिकामी टरफलं वर तरंगू द्या, खालचे जीव नळीने ओढून कापडावर गाळा, साध्या पाण्याने खळबळा आणि मग पिल्लांना द्या.

गोल्डफिश, फायटर यांच्या पिल्लांचं तोंड याहूनही लहान असतं. अंड्यातून निघाल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती पोटाला लागलेल्या बलकावर जगतात आणि काचेला किंवा पानाला चिकटून असतात. तेव्हा काहीही टाकू नका. ती मोकळी पोहू लागली की त्यांना पाण्यातले सूक्ष्म जीव लागतात. काचेच्या बरणीत टँकचं पाणी घ्या, त्यात केळ्याच्या सालीचा बोटभर तुकडा टाका, तोंडाला फडकं बांधा आणि उजेडात ठेवा. पाणी आधी गढूळ होतं, चार-पाच दिवसांत निवळतं. त्या निवळलेल्या पाण्यात प्रकाशाकडे पाहिलं तर बारीक धूळ हलताना दिसते. तेच त्यांचं पहिलं जेवण, दिवसातून काही वेळा चमचा-चमचा घालायचं.

उन्हाळा, थंडी आणि गेलेली वीज

जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाट चांगलीच गारठते. पिल्लांना २४ ते २८ अंशांचं पाणी सगळ्यात मानवतं. त्याहून कमी-जास्त पाण्यापेक्षाही वाईट म्हणजे तापमानातला अचानक फरक.

उन्हाळ्यात पाणी जेवढं तापतं तेवढा त्यातला प्राणवायू कमी होतो. मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले तर ते भुकेलेले नसतात, गुदमरलेले असतात. त्या वेळी खाणं टाकलं तर हाल वाढतात. टँक खिडकीपासून आणि पत्र्याच्या छताखालून हलवा. बाहेरच्या काचेला ओलं फडकं लावा, वरचं झाकण काढून जाळी टाका आणि पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्या. बर्फ थेट टाकू नका. पाणी भरून गोठवलेली बंद बाटली थोडा वेळ तरंगत ठेवा.

वीज गेली आणि हवा थांबली तर दर पंधरा-वीस मिनिटांनी तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत सोडा. पृष्ठभाग हलला की प्राणवायू मिसळतो. ज्या गावांत भारनियमन जास्त आहे, तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा. वीज नसताना खाणं देऊ नये. थंडीत पिल्लांच्या टँकला लहान हीटर लागतो. तो नसेल तर टँक आतल्या खोलीत ठेवा आणि रात्री भोवती गोधडी गुंडाळा.

किती ठेवायची?

हा भाग बहुतेक जण टाळतात आणि मग फसतात. म्हणून आधीच हिशेब मांडू.

एक मादी महिन्याला वीस पिल्लं देते असं धरा. सगळी जगवली तर चार महिन्यांत तिच्या पाच खेपा, म्हणजे शंभर पिल्लं. पहिल्या खेपेतल्या दहा लेकी तीन-साडेतीन महिन्यांत स्वतः आया होतात. प्रत्येकीने पहिल्या वेळी दहा दिली तर आणखी शंभर. दिवाळीला आणलेली एक मादी होळीपर्यंत आकडा दोनशेवर नेते. आपल्या ५० लिटरच्या टँकमध्ये पंधरा ते वीस मोठे गप्पी सुखाने राहतात. दोनशे माशांना पाचशे लिटरहून जास्त पाणी लागेल आणि आठवड्याला शंभर लिटर बदलावं लागेल. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात एवढं पाणी माशांसाठी काढणं योग्य नाही आणि कमी पाण्यात दोनशे मासे कोंबणं हेही योग्य नाही. दाटीत त्यांचे पर कुजतात, पाठ वाकते, पोट खपाटीला जातं.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, पहिल्या खेपेतली आठ-दहा तरतरीत पिल्लं वेगळी वाढवा आणि बाकीची मोठ्या टँकमध्येच राहू द्या. झाडीत लपून जी वाचतील ती वाचतील. निसर्गात हेच होतं आणि त्यात तुमचा दोष नाही. दोन, तीन-चार आठवड्यांचं वय झालं की नर-माद्या वेगळ्या करा. मादीच्या पोटामागे काळसर डाग दिसू लागतो, नराचा पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा होतो आणि शेपटीत रंग उतरू लागतात. तीन, पुढे पिल्लं नकोच असतील तर फक्त नर पाळा. रंगही त्यांनाच जास्त असतात.

साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लू मोठ्या माशाच्या तोंडात मावेनासं होतं, तेव्हा ते मोठ्या टँकमध्ये सोडता येतं. पाठ वाकडी किंवा तळाशी घसटत चालणारी पिल्लं पुढच्या पैदाशीत येऊ देऊ नका. एकाच घरातल्या माशांत पिढ्यान् पिढ्या पैदास झाली की असे दोष वाढतात.

जास्तीची पिल्लं कुठे द्यायची, कुठे सोडायची नाहीत

"गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा." गावातल्या दवाखान्याच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं हे वाक्य आपण लहानपणापासून वाचत आलो. त्यातला गप्पी आणि तुमच्या टँकमधला झुपकेदार शेपटीचा गप्पी ही एकच जात आहे. शोभेच्या माशाची शेपटी आणि रंग माणसाने निवडीतून वाढवले, एवढाच फरक. मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडचा. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवले आणि १८६६ मध्ये त्यांचं नाव माशाला मिळालं. मराठीतल्या गप्पांशी त्याचा संबंध नाही.

हा मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो. आपल्याकडे त्याचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नळाला तेवढ्याच दिवसांनी पाणी येत असेल तर आपला भरलेला हौद त्याला आयता मिळतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य कर्मचारी सांगतात ते यासाठीच. पण जो हौद पाण्याअभावी रिकामा करता येत नाही, त्यात चार-पाच गप्पी सोडले तर अळ्या टिकत नाहीत. वापरायच्या पाण्याचा सिमेंटचा हौद, गुरांच्या पाण्याचा डोण, बंदिस्त कारंजं, शेतातली वापरात नसलेली आड-विहीर, या जागा योग्य. पिण्याच्या पाण्यात आणि वारंवार टीसीएल टाकतात त्या टाकीत सोडू नका. तुमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्याकडे चौकशी करा. अनेक ठिकाणी गप्पींची पैदास करून ते वाटले जातात आणि योग्य जागाही तिथे कळते. याशिवाय शेजारी, शाळेतली विज्ञानाची खोली, मत्स्यालयाचं दुकान हे पर्याय आहेतच.

आता जे करू नये ते. माशांवरच्या प्रेमापोटी लोक पिल्लं पिशवीत भरून मोती तलावात, घाणेवाडीत, कुंडलिकेत किंवा दुधनेत सोडून येतात. पुण्य केल्याचं समाधान मिळतं, पण नदीचं त्यात नुकसान होतं. गप्पी आपल्या पाण्याचा नाही. तो झपाट्याने वाढतो, स्थानिक माशांची अंडी आणि नुकती निघालेली पिल्लं खातो, त्यांचं अन्न वाटून घेतो. शोभेच्या टँकमधले आजारही बरोबर जातात. बाहेरून आलेला चिलापी उजनीच्या जलाशयात केवढा पसरला, हे तिथल्या कोळी बांधवांच्या जाळ्यात रोज दिसतं. एकदा पसरलेला मासा परत गोळा करता येत नाही. म्हणून नियम एकच: ज्या पाण्याला वाहून जायला वाट आहे, त्यात घरचा मासा सोडायचा नाही. पावसाळ्यात ओसंडणारी विहीरही त्यात धरा.

शेवटी

त्या पहिल्या अकरांतली दोन पिल्लं वाढली. दोन्ही माद्या निघाल्या. त्यांच्या पुढच्या खेपा झाल्या तेव्हा घरात रडारड झाली नाही, कारण तयारी होती. दाराशी उघडं ठेवलेलं दोन दिवसांचं शिळं पाणी होतं, काठाला बांधायचा भोकांचा डबा होता, कालनिर्णयवर धाकटीने काढलेली माशाची खूण होती. दहा ठेवायची, बाकीची द्यायची, हे तिनेच ठरवलं. गेल्या पावसाळ्याआधी तिने आठ गप्पी गावी नेले आणि आत्याच्या गोठ्यामागच्या हौदात सोडले. आठवडाभराने फोन करून विचारलं, "आत्या, हौदात अळ्या दिसतात का?" आत्या म्हणाली, "एक नाही, माय. पण तुझे मासे मोजता येईनात आता."

मुलगी लगेच वही घेऊन बसली. हौद किती लांब, किती रुंद, पाणी किती खोल, हे तिने आत्याला पुन्हा फोन करून विचारलं आणि त्यात किती मासे मावतील याचा हिशेब मांडला.